कॅप्टन पिकार्ड, एल-अड्रेलवर, अक्का, कालाकुंडला

जिरावन
रविवार, रात्री ११:२०

रामबागच्या आमच्या घरात दोन महिन्यांपासून रात्रीची जेवणं आटोपली की स्टार ट्रेक ही अंतराळयानांची अमेरिकन मालिका लागते. काका आरामखुर्चीत, मी खाली बसून वाटाणे सोलत. (इंदुरात थंडीत वाटाणे सोलणं हा पूर्णवेळ धंदा आहे, जाणकार जाणतात.) काका चौऱ्याहत्तर वर्षांचे, बँकेतून निवृत्त. जुनी मालिका दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी लागायची, ती त्यांनी चुकवली नव्हती. तेव्हापासून त्यांच्या लेखी कप्तान एकच, कर्क. बाकी सगळे बदलीवर आलेले.

मी मुद्दाम १९८७ ची 'नेक्स्ट जनरेशन' लावली, तिचा कप्तान पिकार्ड. पहिले दहा-बारा भाग नुसते टोमणे. "हा कप्तान आहे की हेडमास्तर?" "अगं, दर दहा मिनिटांनी मीटिंग! आमच्या बँकेत ऑडिटच्या वेळी सुद्धा इतक्या मीटिंगा होत नव्हत्या." पहिला सीझन कच्चा आहे हे मला मान्यच आहे, म्हणून मी गप्प बसायचे.

पण माझं म्हणणं असं की पिकार्डचं कप्तानपण त्या मीटिंगमध्येच आहे. समोर संकट उभं असतं आणि हा माणूस लांबट टेबलाशी बसून एकेकाला विचारतो, तुझं काय मत. रायकर, डेटा, ट्रॉय, वॉर्फ, हाताखालच्या सगळ्यांचं ऐकतो, मग उठून अंगरखा खाली ओढतो आणि निर्णय देतो. १९८९ चा 'द मेझर ऑफ अ मॅन' आठवा. डेटा हे यंत्र स्टारफ्लीटच्या, म्हणजे त्यांच्या अंतराळदलाच्या, मालकीचं आहे की तो स्वतःचा मालक आहे, असा खटला. पिकार्ड त्याचा वकील, आणि विरुद्ध बाजूला नाइलाजाने रायकर. रायकर डेटाचा हात काढून दाखवतो, बटण दाबून त्याला बंद करतो, आणि पिकार्डचा धीर सुटतो. मग तो जातो कुठे? जहाजावरच्या पेयपानाच्या खोलीत, ती चालवणाऱ्या गायननकडे. खटला फिरवणारा मुद्दा, की अशी हजारो यंत्रं बनवली तर त्यांना गुलाम म्हणायचं नाही तर काय, तो तिच्याशी बोलताना त्याला सापडतो. ऐकून घेतल्यामुळे जिंकलेला खटला आहे तो.

आता खरी गोष्ट. परवा 'डारमॉक' लावला. १९९१ चा, पाचव्या सीझनमधला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टॅमेरियन नावाचे लोक आहेत. भांडखोर नाहीत, पण त्यांच्याशी कुणाचं बोलणंच जमत नाही. भाषांतर करणारं यंत्र शब्द बरोबर देतं, अर्थ मात्र लागत नाही. "डारमॉक आणि जलाड, टनाग्रावर." "शाका, भिंती कोसळल्या तेव्हा." हे लोक सरळ वाक्य बोलतच नाहीत. प्रत्येक गोष्ट त्यांच्या पुराणातल्या कुठल्यातरी प्रसंगाच्या नावाने सांगतात. त्यांचा कप्तान डेथन शेवटी एक धाडस करतो. पिकार्डला आणि स्वतःला एल-अड्रेल नावाच्या ग्रहावर उतरवतो. तिथे एक अक्राळविक्राळ जनावर आहे. दोन परके, एक संकट, जसं डारमॉक आणि जलाडचं झालं होतं. डेथन पिकार्डपुढे सुरा धरतो, पिकार्डला वाटतं द्वंद्वाचं आव्हान आहे, तो सुरा परत टाकतो. रात्री थंडी. डेथनची शेकोटी पेटलेली, पिकार्डची पेटत नाही. डेथन जळतं लाकूड त्याच्याकडे फेकतो आणि म्हणतो, "टेम्बा, हात पसरून." तिथे पिकार्डला पहिल्यांदा कळतं की हे 'घे' असं म्हणणं आहे.

काका या भागभर एक शब्द बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "बेटा, हे तर आपल्या घरातलं बोलणं आहे."

आणि खरंच आहे. आमच्याकडे एक म्हण आहे जी जगात कुणाला कळणार नाही: "अक्का, कालाकुंडला. हातात द्रोण." गोष्ट १९६० ची. माझी आत्या, घरात सगळे अक्का म्हणतात, तेव्हा सतरा वर्षांची. खंडव्याहून इंदूरला मीटरगेजने येत होते सगळे. कालाकुंड स्टेशनात घाट चढण्याआधी गाडीला मागून आणखी एक इंजिन लागायचं, तेवढा वेळ गाडी थांबायची. तिथला पळसाच्या पानातला कलाकंद प्रसिद्ध. अक्का कलाकंद घ्यायला उतरली आणि गाडी सुटली. पुढच्या गाडीने स्टेशनमास्तरांनी तिला पाठवलं, महूच्या फलाटावर आजोबा उभे. तेव्हापासून आमच्या घरात कुणी लहानशा लोभापायी मोठी गोष्ट घालवली की एवढंच म्हणतात, "अक्का, कालाकुंडला." मी सेलमध्ये कुर्ता घेत बसले आणि रिझर्व्हेशनची वेळ गेली तेव्हा बाबांनी फोनवर एवढंच म्हणून ठेवून दिला होता.

तर मंडळी, पिकार्डबद्दल बोलूया. आणि तुमच्या घरातली टॅमेरियन वाक्यंही येऊ द्या.

एकतीस नंबर
रविवार, रात्री ११:५२

धागा मस्त. पण कर्कवर अन्याय होतोय, काकांच्या बाजूने मी उभा आहे.

कर्क म्हणजे शर्ट फाटेपर्यंत मारामारी, हे लोकांनी न पाहता ठरवलेलं आहे. तोही जहाजावरच्या स्पॉकला विचारतो, डॉक्टर मॅककॉयला विचारतो, दोघं उलटसुलट बोलतात आणि त्यांच्या मधून तो वाट काढतो. त्याची मीटिंग उभ्याउभ्या होते इतकंच. आणि 'डारमॉक' आवडला असेल तर १९६७ चा 'अरीना' पाहा. तिथेही दोन कप्तान एका उजाड ग्रहावर उतरवले जातात, कर्क आणि सरड्यासारखा गॉर्न. कर्क गंधक, सोरा, कोळसा गोळा करून बांबूची तोफ बनवतो, हिरे भरतो, गॉर्नला लोळवतो आणि मग त्याला मारायचं नाकारतो. कारण मध्येच त्याच्या लक्षात येतं की गॉर्नच्या दृष्टीने घुसखोर आपणच असू. चोवीस वर्षांनी पिकार्डने जे केलं ते आधी कर्कने करून दाखवलं होतं.

अर्धा कप
सोमवार, सकाळी ७:१०

मला या माणसाच्या चहाबद्दल बोलायचं आहे. तीनशे वर्षं पुढे, हवेतून कुठलाही पदार्थ काढून देणारं यंत्र हाताशी, आणि हा मागतो काय, "टी, अर्ल ग्रे, हॉट." बर्गमॉट नावाच्या लिंबासारख्या फळाच्या सालीचा वास लावलेला काळा चहा! दूध नाही, आलं नाही. मी त्या यंत्राला 'अर्धा कट, अद्रक मार के' म्हटलं असतं आणि सोबत पोहे-जिलेबी.

बायको म्हणते यालाच साधेपणा म्हणतात. असेल. पोहे खाऊन आलो की पुढचं लिहितो.

घाटावरचा
सोमवार, सकाळी ९:३५

जिरावन, लेख छान आहे. पण पिकार्डची दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी.

१९९० चा 'बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स'. बोर्ग नावाचे अर्धे माणूस अर्धे यंत्र असलेले शत्रू पिकार्डला पळवतात, अंगात यंत्रं घुसवतात, त्याचा लोक्युटस नावाचा बोर्ग करतात. त्याच्या डोक्यातली सगळी माहिती वापरून वुल्फ ३५९ च्या लढाईत ३९ जहाजं उडवतात, अकरा हजार माणसं जातात. पुढच्या भागात तो सुटतो. त्यानंतरचा 'फॅमिली' सुंदर आहे: फ्रान्समधल्या ला बारच्या द्राक्षमळ्यात सख्ख्या भावाशी चिखलात लोळून मारामारी करतो, आणि मग तिथेच चिखलात बसून रडतो. की मी त्यांना थांबवू शकलो नाही. मान्य, तो प्रसंग मलाही धरतो.

पण त्या अकरा हजारांच्या घरचे? त्यांचं कोण ऐकतं? मालिका विसरून गेली. तीन वर्षांनी १९९३ ला 'डीप स्पेस नाइन' ही पुढची मालिका सुरू झाली तेव्हा ते बिल आलं. तिचा नायक सिस्को, ज्याची बायको वुल्फ ३५९ ला गेली, तो पिकार्डसमोर उभा राहतो. पिकार्ड नेहमीच्या सौजन्याने विचारतो, आधी भेटलोय का आपण. सिस्को म्हणतो, हो, लढाईत. पिकार्डचा चेहरा पाहा त्या क्षणी. सगळी ऐकून घेण्याची कला एका वाक्यात संपते. ती बैठक फार छोटी होते.

म्हणून माझा कप्तान सिस्को. बाप आहे, विधुर आहे, राग आहे त्याच्यात, आणि ज्या लोकांमध्ये राहतो ते त्याला देवदूत मानतात ते त्याला झेपत नाही. मालिका सुरू झाली तेव्हा तो कप्तानही नव्हता, कमांडर होता. तिसऱ्या सीझनच्या शेवटी बढती मिळाली. पिकार्डला सगळं आयतं: हजारावर माणसं, शाळा, बाग, बालवाडी असलेलं जहाज.

नवशिकी
सोमवार, दुपारी १:०५

मी काल हा धागा वाचून 'डारमॉक' पाहिला. माझा पहिलाच भाग. आवडला, रडले सुद्धा. पण दोन शंका आहेत, हसू नका.

एक, हे लोक सरळ बोलतच नाहीत तर मुलांना त्या गोष्टी पहिल्यांदा सांगतात कशा? "डारमॉक नावाचा एक शिकारी होता" हे वाक्य तर त्यांच्याकडे असायला हवं ना? दोन, ही मंडळी यान चालवतात. म्हणजे इंजिनात बिघाड झाला की "अर्ध्या इंची पाना दे" हे कुठल्या पुराणातल्या प्रसंगाने सांगतात?

आणि तिसरी, शंका नव्हे तक्रार. रायकरचा मला राग आला. तो वरच्या जहाजातून यंत्राने पिकार्डला ओढून घ्यायचा प्रयत्न करतो नेमका जनावर अंगावर आलेलं असताना. पिकार्ड हवेत अर्धवट विरघळून अडकलेला, हात हलवता येत नाही, आणि डेथन एकटा लढून जखमी होतो. मदत करायला गेला आणि घात केला.

एकतीस नंबर
सोमवार, दुपारी १:२०

नवशिकीताई, शंका रास्त आहेत, तीस वर्षांपासून लोक त्यावर भांडतायत. रायकरबद्दल शंभर टक्के सहमत. डेथनचं काम केलेले पॉल विनफील्ड १९८२ च्या खानवाल्या स्टार ट्रेक चित्रपटातही एका जहाजाचे कप्तान होते, तिथेही बिचाऱ्यांचा शेवट वाईट झाला. या माणसाला स्टारफ्लीटचे कप्तानपद काही लाभलं नाही, टॅमेरियनांचंही नाही.

ग्वाल्हेरकर
सोमवार, दुपारी ३:४०

इंदूरकरांनो, पाहुणा म्हणून येतो, सांभाळून घ्या.

टॅमेरियन भाषा आपल्याकडे कधीच होती. १४ जानेवारी १७६१ नंतरची गोष्ट. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघालेले, पानिपतचं काय झालं याची पक्की खबर नाही. वाटेत भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशेकडे, आपल्याच माळव्यात, एका सावकाराचं पत्र हाती लागलं. त्यात लिहिलेलं असं सांगतात: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. भाषांतराच्या यंत्राला हे पत्र दिलं तर ते जवाहिऱ्याच्या दुकानात चोरी झाली म्हणून सांगेल. नानासाहेब त्याच जूनमध्ये पर्वतीवर वारले.

आमच्या घरातलं वाक्य: "दत्ताजी, बुराडीघाटावर." १७६० च्या जानेवारीत दत्ताजी शिंदे जखमी होऊन पडले, शत्रूने विचारलं आणखी लढणार का, तर म्हणाले, "बचेंगे तो और भी लडेंगे." हे सगळ्यांना पाठ आहे. पण आमच्याकडे त्याचा वापर वेगळा. आजीचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, भूल उतरली, आणि ती पहिलं काय म्हणाली? "गव्हाचं पीठ संपलंय, दळायला टाका." आजोबा बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, "दत्ताजी, बुराडीघाटावर." आम्ही हसलो आणि मग सगळे रडलो.

पानिपतावरून कुणी कसं परतलं हे मात्र मी इथे काढत नाही. इंदूरचा धागा आहे.

खान नदी
सोमवार, दुपारी ३:५१

काढलंत की हो! 'काढत नाही' म्हणून काढलंत! मल्हारराव परतले म्हणून पुढे माळवा राहिला, हे लक्षात असू द्या. आणि जरा इकडे या, राजवाड्यासमोर उभं राहून हेच बोलून दाखवा.

जिरावन
सोमवार, संध्याकाळी ६:३०

खान नदी, ग्वाल्हेरकर, दोघांनाही हात जोडते. मल्हाररावांचं नाव निघालं की तीनशे प्रतिसाद पडतात आणि मूळ विषय सराफ्यात हरवलेल्या पोरासारखा सापडत नाही. वेगळा धागा काढा, मी स्वतः येऊन भांडेन.

घाटावरचा, सिस्कोचा तो प्रसंग मी पाहिला नव्हता, आज पाहिला. तुमचं बरोबर आहे. पण मला तो पिकार्डच्या विरोधात जाताना दिसत नाही. तो तिथे सफाई देत नाही. बोर्गने माझ्याकडून करवून घेतलं, मी कुठे केलं, असं सहज म्हणता आलं असतं. म्हणत नाही. अशीच एक जागा १९९२ च्या 'चेन ऑफ कमांड' मध्ये आहे. कार्डेशियन नावाच्या शत्रूंचा अधिकारी त्याचा छळ करतो, चार दिवे दाखवून पाच म्हण म्हणतो. पिकार्ड शेवटी ओरडतो, दिवे चारच आहेत! सगळे त्या ओरडण्याबद्दल बोलतात. पुढचं मिनिट पाहा. घरी परतल्यावर तो ट्रॉयला हळूच सांगतो की शेवटी मला खरंच पाच दिसायला लागले होते. कप्तानाने हे आपल्या हाताखालच्या माणसाला सांगायचं! आमच्या ऑफिसात साहेबाला साधी सर्दी झाली तरी ती 'एसीची ॲलर्जी' असते.

मास्तरीणबाई
सोमवार, रात्री ८:१५

नवशिकी, तुझ्या पहिल्या शंकेवर माझ्या वर्गातलं उत्तर देते. मी मुलांची मराठी घेते, रविवारी, घरीच. इथली मुलं शाळेत हिंदी-इंग्रजी, घरी मराठी, तीही 'मी जाऊन राहिलो' थाटाची.

मागे एका मुलाला विचारलं, गणिताचा पेपर कसा गेला. म्हणाला, "पानिपत झालं." मी विचारलं, पानिपत म्हणजे काय रे? म्हणाला, "म्हणजे सगळं गेलं." कुठे आहे, कधी झालं, कोण लढलं, काही माहीत नव्हतं. तसंच 'ध चा मा'. नारायणराव पेशव्यांना १७७३ मध्ये शनिवारवाड्यात मारलं, 'धरावे'चं 'मारावे' झालं असं सांगतात, ही गोष्ट माहीत नसलेली कितीतरी माणसं तो शब्द रोज अगदी अचूक वापरतात. मूल आधी वाक्याचा वापर शिकतं. आजी कधी म्हणते, कुठल्या आवाजात म्हणते, म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे कसे होतात, त्यावरून. गोष्ट मागाहून कळते, कधी कळतही नाही. तेव्हा टॅमेरियन पोरांचं अडत नसावं.

पान्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण गॅरेजमधला उस्ताद पोऱ्याकडे न बघता नुसता हात मागे करतो आणि हातात बरोबर तोच पाना येतो, हे मी पाहिलंय.

आणि पिकार्डबद्दल. तो मरणाऱ्या डेथनला गिल्गामेशची गोष्ट सांगतो, आठवतं? दोन शत्रू लढतात आणि मित्र होतात. डेथनला त्यातला एक शब्द कळत असेल की नाही कोण जाणे. तरी ऐकतो. आणि मला वाटतं त्या क्षणी पिकार्ड टॅमेरियन बोलतोय.

सत्तर हजार
सोमवार, रात्री ९:००

एका बाईचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून आले. 'व्हॉयेजर' मालिकेची कप्तान कॅथरीन जेनवे. १९९५ ते २००१, सात सीझन. पहिल्याच भागात तिचं जहाज ७० हजार प्रकाशवर्षं लांब फेकलं जातं, घरी यायला ७५ वर्षं लागतील. काही खलाशी तिचे, काही ज्यांना पकडायला निघाली होती ते बंडखोर. परत जायचं एकमेव साधन ती स्वतः उडवते, कारण ते वाईट लोकांच्या हाती पडून एक अख्खी जमात मेली असती. हेडक्वार्टरला फोन नाही, बंदर नाही. पिकार्डने बैठक घेतली की बाहेर स्टारफ्लीट उभं असतं, हिच्या बैठकीबाहेर फक्त काळोख.

आणि ती कॉफी पिते. अर्धा कप यांनी नोंद घ्यावी.

चष्मिष्ट
सोमवार, रात्री ११:४५

भावना खूप झाल्या, थोडं भौतिकशास्त्र. 'पिकार्ड मनुव्हर' म्हणजे लोकांना अंगरखा ओढणंच आठवतं. (पहिल्या दोन सीझनचे अंगाला चिकटणारे गणवेष त्रासदायक होते, तिसऱ्यापासून दोन भागांचे आले, ते वर सरकायचे.) खरा डाव 'स्टारगेझर' जहाजावरचा. शत्रू दूर आहे. त्याला तुमचं जहाज दिसतं ते प्रकाश पोचल्यावर. समजा अंतर ९० लाख किलोमीटर, तर प्रकाशाला ३० सेकंद लागतात. तुम्ही प्रकाशापेक्षा जास्त वेगाने एकदम त्याच्या नाकासमोर आलात, तर थोडा वेळ त्याला तुम्ही दोन ठिकाणी दिसणार, जुन्या जागी आणि नव्या जागी. तो गोंधळतो, तुम्ही तोफ डागता. प्रकाशापेक्षा जास्त वेग शक्य नाही ही बारीकशी अडचण सोडली तर हिशेब चोख आहे.

अर्धा कप
मंगळवार, सकाळी ७:०५

हे इंदूरच्या ट्रॅफिकमध्ये रोज होतं. बाइकवाला एकाच वेळी डाव्या आणि उजव्या आरशात.

जिरावन
मंगळवार, रात्री १०:४०

काल काकांना 'इनर लाइट' दाखवला. १९९२ चा, ह्यूगो पुरस्कार मिळालेला. पिकार्ड जहाजाच्या नियंत्रणकक्षात कोसळतो आणि एका दुसऱ्याच ग्रहावर जागा होतो. तिथे तो केमिन नावाचा लोहार-विणकर, त्याला बायको आहे, मग मुलं होतात, नातू होतो, बासरी शिकतो, म्हातारा होतो. सूर्य त्या ग्रहाला जाळून टाकणार असतो. जागा होतो तेव्हा जहाजावर फक्त पंचवीसेक मिनिटं गेलेली असतात. त्या लोकांनी मरताना आपली आठवण एका छोट्या यानात भरून सोडून दिली होती. यानात मिळते ती बासरी.

तो बासरी छातीशी धरतो आणि वाजवतो. एवढ्यावर भाग संपतो. मी काकांकडे पाहिलं तर ते उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले होते. बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा म्हणाले, "त्याला परत आणायला नको होतं." काकू जाऊन सहा वर्षं झाली. मी टीव्ही बंद केला, वाटाणेही तसेच राहिले.

आज सकाळी त्यांनी आपणहून कर्कची बाजू सोडली असं मात्र समजू नका. म्हणाले, "चांगला आहे हा. पण मारामारीत कर्क."

जिरावन
बुधवार, रात्री ९:२०

हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अक्काआत्या उज्जैनला असते, ब्याऐंशी वर्षांची. आज काकांनी तिला फोन लावला, स्पीकरवर, आणि कौतुकाने सांगायला लागले की आपली कालाकुंडची गोष्ट इंटरनेटवर गेली, लोकांना फार आवडली. अक्का ऐकत होती. मग म्हणाली, "काय लिहिलंय, मी कलाकंदासाठी उतरले म्हणून?"

"हो मग?"

"अरे, तू भोकाड पसरलं होतंस. नऊ वर्षांचा घोडा, डब्यात लोळण घेत होतास. आईने मला पैसे दिले आणि उतर म्हणाली."

काका गप्प.

"आणि द्रोण माझ्या हातात कुठला? द्रोण मी तुला खिडकीतून दिला. तो बाबा सुट्टे देत नव्हता, चार आणे, म्हणून मागे वळले. तेवढ्यात मागचं इंजिन लागलं नि गाडी हलली. तू खिडकीत बसून खात होतास, मी दिसत होते तुला."

मी काकांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पातालपाणी यायच्या आत संपलाही होता."

पासष्ट वर्षं आमच्या घरात ते वाक्य अक्काच्या नावावर चाललं. ती एकदाही काही बोलली नव्हती.

नवशिकी
बुधवार, रात्री ९:३१

सोकथ, डोळे उघडले!

ग्वाल्हेरकर
बुधवार, रात्री ९:३४

काका, खिडकीत. हातात द्रोण.